मोठीबाईच्या पोटातली मासोळी

लग्नाकार्यात भेटलं की लोक एकमेकांना विचारतात, "पोरं काय करतात?" मला कुणीच तसं विचारत नाही. मला विचारतात, "कुंदाताई, इंजिन काय म्हणते?" आणि मी सांगायला बसले की पंगत उठते तरी माझं संपत नाही, कारण एक किस्सा काढला की त्याच्या मागे दुसरा ओढला जातो. माझा नवरा तर सगळ्यांदेखत म्हणतो, "हे लोक तिथी इंजिन दुरुस्त करून राह्यले होते का किस्से बनवून राह्यले होते, काही समजत नाई!" खरं सांगू? इंजिन एकच होतं. किस्से मात्र बोगी भरून झाले!

मी टर्नर आहे. आयटीआय झाल्यापासून घुग्घुसच्या रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंड कातायचं लेथ मशीन चालवते. आमच्या गेटसमोरच्या चौकात वाफेचं एक जुनं इंजिन कैक वर्षं नुसतं उभं होतं. एके काळी त्यानं जंगलातलं सागवान ओढलं, खाणीतला कोळसा ओढला. भलतंच प्रसिद्ध! जुन्या पोस्टकार्डांवर त्याचा फोटो असायचा, परदेशातले लोक गळ्यात कॅमेरे अडकवून त्याला बघायला यायचे. आमच्याकडे मात्र त्याला कुणी इंजिन म्हणत नव्हतं. ती मोठीबाई होती.

हे नाव डोमाजी भाऊंनी ठेवलेलं. डोमाजी भाऊ तिचे शेवटचे ड्रायव्हर. रिटायर होऊन जमाना झाला, तरी रोज माजरीहून यायचे आणि फडक्यानं तिचं तोंड पुसून जायचे. घरच्या म्हातारीचंही कुणी इतकं करत नाही.

तर एक दिवस वरच्या ऑफिसला जाग आली. एवढी ऐतिहासिक वस्तू धुळीत काय सडते आहे, तिला समुद्राकाठच्या मोठ्या शहरात आणा, बागेत ठेवा! सिमेंटचा चौथरा, वर लाल रंग, आणि मुलांसाठी तिच्या अंगाला एक घसरगुंडी.

"मोठीबाईले घसरगुंडी लावतीन?" एवढंच म्हणून डोमाजी भाऊ चौकात बसले ते उठेचनात. मग बरीच बोलाचाली झाली आणि शेवटी वरून एक अट आली. मोठीबाईनं स्वतःच्या वाफेवर एक डबा ओढत जुन्या जंगल डेपोपर्यंत जाऊन परत यायचं, तेही वरच्या मोठ्या साहेबांच्या डोळ्यांसमोर. जमलं तर ती इथंच राहील आणि रविवारी फिरेल. नाही जमलं तर ट्रेलर येईल आणि तिला घेऊन जाईल.

डोमाजी भाऊंनी पायातल्या चपला काढून माझ्या हातात दिल्या. "कुंदे, ठेव तुह्याजवळ. मोठीबाई इथीच राह्यते असं पक्कं होत नाई तोवर मी पायात काही घालनार नाई."

महिना मे. जागा चंद्रपूर जिल्हा! चपला मी टूलबॉक्सच्या तळाशी ठेवल्या.

* * *

काम पहिल्याच दिवशी अडलं. जिथं आग पेटवायची त्या पेटीला, म्हणजे फायरबॉक्सला, चक्क कुलूप होतं! बनसोड भाऊ हातोडा घेऊन पुढे झाले. हे आमचे बॉयलरचे वेल्डर. "मी नवस-बिवस मानत नाई, वेल्डिंग मानतो," असं जाता-येता ऐकवणारे. ते हातोडा उचलणार एवढ्यात मागून आवाज आला.

"ओ भाऊ! दुकान हाय ते माह्यं!"

चौकातला चहावाला चिंधू धावत आला, कमरेची किल्ली काढली आणि दार उघडलं. आत साखरेचा डबा, पत्तीचा डबा, ग्लास, पावाच्या लाद्या, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल आणि कोपऱ्यात कोळशाची गोणी. इतकी वर्षं त्याचा सगळा माल मोठीबाईच्या पोटात होता. पाऊस लागत नाही, उंदीर शिरत नाही, अजून काय पाहिजे?

आमचे इन्चार्ज देशमाने साहेब त्याला समजावायला लागले. "अरे चिंधू, तिथं आम्हाला आग लावायची आहे."

"मंग मी काय करून राह्यलो साहेब? आगच लावतो ना! माह्याच शेगडीवर चालवा तुमचं इंजिन!"

शेवटी गाडी चालेल तेव्हा डब्यात चहा विकायची जागा त्याला कबूल केली, तेव्हा कुठे त्यानं साखर हलवली.

आणि बोलला ते खरं झालं. आम्ही कोळशाच्या जिल्ह्यात राहतो, कपडे वाळत घातले तरी काळे होतात, पण मोठीबाईला लागतात तसे मोठे खडे आम्हाला कुठे मिळेनात. वरून उत्तर आलं की कोळसा घ्यायचा तर अख्खी मालगाडी घ्या, टोपलंभर मिळणार नाही. मग पहिली आग पेटली ती चिंधूच्या गोणीवर! त्या फायरबॉक्समध्ये इतक्या वर्षांची पत्ती आणि आलं मुरलेलं. धूर निघाला आणि अख्ख्या वर्कशॉपला चहाची तलफ आली. त्या दिवशी चिंधूचा धंदा असा झाला की त्यानं दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, "आज नाई पेटवत काऊन?"

* * *

देशमाने साहेब माणूस चांगला, पण नियमाचा. वर्कशॉपमध्ये सेफ्टी शूजशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. इकडे डोमाजी भाऊंचा नवस. साहेब हटेनात, भाऊ ऐकेनात.

मग डोमाजी भाऊ गेटच्या बाहेर खुर्ची टाकून बसले आणि तिथूनच ओरडून सांगायला लागले, "तो नट नाई व, त्याच्या बाजूचा!" मी आतून ओरडायची, "कोणत्या बाजूचा?" संध्याकाळपर्यंत दोघांचे घसे बसले आणि नट होता तिथंच.

तोडगा काढला बनसोड भाऊंनी. नवस न मानणाऱ्यानं! एक जोडी सेफ्टी शूज आणले आणि कटरनं त्यांचे तळवे कापून टाकले. वरून बघा, काळे कुळकुळीत शूज, व्यवस्थित नाडी बांधलेले. खालून बघा, डोमाजी भाऊंचा अनवाणी पाय. नियमही राहिला आणि नवसही. माझ्या लेथचा लोखंडी कीस मात्र मला दिवसातून दहादा झाडावा लागायचा, नाहीतर भाऊ जागच्या जागी नाचायचे.

महिनाभरानं देशमाने साहेबांनी सगळ्यांना जमवलं आणि म्हणाले, "डोमाजींकडून शिका जरा! एवढे फिरतात, पण यांच्या शूजचे तळवे अजून झिजलेले नाहीत!"

* * *

इतकी वर्षं चौकात उभी म्हटल्यावर मोठीबाईच्या अंगावरचे दागिने जागेवर थोडेच राहणार? पितळेचं जे जे होतं ते गायब. तिच्यावर काम केलेली बरीच माणसं चामोर्शीकडची, म्हणून आम्ही चामोर्शीच्या आठवडी बाजारात दवंडी दिली. मोठीबाईचं ज्याच्या घरी जे असेल ते आणून द्या, कुणी काही विचारणार नाही!

लोकांनी आणलं की! तिची घंटा आली, शिट्टी आली, एका दाराची कडी झालेला दांडा आला. त्याच्या जोडीला ट्रॅक्टरचा सायलेन्सर आला, शिलाई मशीनचं चाक आलं, पंख्याची पाती आली. एक आजोबा तर पाण्याची मोटर डोक्यावर घेऊन आले. काही विचारायचं नाही असं ठरलं होतं, तरी मी विचारलंच, "आजोबा, हे मोठीबाईचं कसं?"

"तिचं नाई जी. पन घरी पडूनच होतं, तिच्या कामी येईन म्हून आनलं."

मला हसू आलं आणि भरूनही आलं. ती मोटर अजून आमच्याकडे आहे. पुढच्या भानगडीला तीच कारणीभूत आहे, पण ते नंतर.

आधी सीताबाई. वाफेचा दाब दाखवणारं पितळेचं गोल गेज आमच्याच वस्तीतल्या सीताबाईंच्या भिंतीवर होतं. त्याला हार घातलेला. काढून द्यायला त्या तयार नव्हत्या. "याचा काटा कधी हलला नाई, म्हून आमच्या घरी भांडन नाई," म्हणाल्या. दोन मुलं, दोन सुना, सगळे एकत्र. शेवटी बदल्यात भिंतीवरचं एक चांगलं घड्याळ दिलं, तेव्हा गेज मिळालं.

पंधरवडा झाला नसेल, सीताबाई घड्याळ घेऊन वर्कशॉपच्या दारात हजर! "हे घ्या तुमचं वापस! याचा काटा रातंदिवस फिरून राह्यला, अन् माह्या दोनी सुना वेगळं निघतो म्हनून राह्यल्या!"

बनसोड भाऊंनी घड्याळ हातात घेतलं, उलटं केलं, सेल काढून खिशात टाकला आणि घड्याळ परत दिलं.

सुना अजून एकत्र आहेत.

* * *

आमच्या वस्तीत लग्न लागलं की नवरा-नवरी मोठीबाईला फेरी मारून मगच घरी जातात. आता मोठीबाई चौकातून शेडमध्ये आलेली. तर एक वरात बँडबाजासकट शेडच्या दारात! देशमाने साहेब आडवे झाले. हेल्मेटशिवाय आत येता येणार नाही. मग काय, बाशिंगावर पिवळं हेल्मेट घालून नवरा फिरला, मुंडावळ्यांवर हेल्मेट घालून नवरी फिरली, आणि भटजींनी हेल्मेट घालून अक्षता टाकल्या.

पुढच्या आठवड्यात दुसरी वरात आली. तेव्हा साहेब रजेवर होते. आम्ही म्हटलं, जा, फिरून या. कुणी हलेना. नवऱ्याचा मामा लालबुंद होऊन म्हणाला, "टोप्या काऊन नाई देऊन राह्यले? त्याईच्या लग्नात देल्या! आमी काय कमी हावो का?"

* * *

मोठीबाई पहिल्यांदा हलली तो दिवस. वाफ भरलेली, आम्ही सगळे लांब उभे. डोमाजी भाऊंनी दांडा पुढे टाकला, वाफ सोडली, आणि मोठीबाई मागे गेली! शेडची पत्र्याची भिंत फाडून, सायकल स्टँड झोपवून, बरोबर चौकाच्या तोंडाशी जाऊन थांबली. मी आणि बनसोड भाऊंनी मिळून तो दांडा उलटा बसवला होता, दुसरं काय!

डोमाजी भाऊंना मात्र आमचा राग नाही आला. तिच्या अंगावरून हात फिरवत म्हणाले, "घर आठवलं तिले."

देशमाने साहेब आपल्या स्कूटरकडे बघत होते. स्कूटर पार चपटी झाली होती. आणि चिंधूनं, ज्याच्या टपरीपासून मोठीबाई चार हातांवर थांबली होती, मान वर न करता विचारलं, "किती कट चाय देऊ?"

* * *

आता पाण्याचं. रुळाच्या बाजूलाच गावचा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, आहे. त्या आजोबांची मोटर लावून आम्ही मोठीबाईच्या मागची टाकी तलावाच्या पाण्यानं भरली. दिवस पावसाळ्याचे. दुसऱ्या दिवशी मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष नान्हे भाऊ माणसं घेऊन हजर.

"पान्याचं आमी काही म्हनत नाई. पानी गावाचं हाय," ते म्हणाले. "पन मासोळी सोसायटीची हाय. आमचं बीज तुमच्या टाकीत गेलं."

आम्ही वर चढून टाकीत डोकावलो. बोटाएवढी पिल्लं मजेत फिरत होती!

"काढून न्या मग," देशमाने साहेब म्हणाले.

"आता काढलं तं मरन साहेब. मोठी होऊ द्या."

आणि खरंच मोठी होऊ दिली, कारण मोठ्या साहेबांची तारीख सारखी पुढे जात होती ती पार दिवाळीच्या पुढे गेली. तोपर्यंत सोसायटीचा माणूस येऊन टाकीत कोंडा टाकायचा, चिंधू उरलेला पाव टाकायचा. नान्हे भाऊंची एकच अट होती. "जिथी आमची मासोळी जाईन तिथी आमचा मानूस जाईन." म्हणजे गाडी निघाली की टाकीवर जाळं घेऊन नान्हे भाऊ बसणार. साहेबांनी निमूटपणे त्यांनाही एक हेल्मेट दिलं.

* * *

मोठे साहेब आले. जन्म कोकणातला, नोकरी समुद्राकाठी, माणूस मोजकं बोलणारा. डब्यात बसले, चिंधूचा चहा घेतला. इंजिनावर डोमाजी भाऊ, कोळसा टाकायला बनसोड भाऊ, आणि पाना घेऊन मी. सीताबाई आपलं गेज बघायला आल्या होत्या. काटा चढायला लागला तशा ओरडल्या, "माय वो! आता मोठं भांडन होते!"

शिट्टी झाली. काय सांगू, रस्त्यावरचे ट्रक थांबले, ड्यूटीवर चाललेली माणसं मोटरसायकली सोडून रुळाकडे धावली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

डेपोपर्यंत गेलो, झकास! परत निघालो आणि तलावाजवळ बॉयलरमध्ये पाणी जायचं बंद झालं. काचेच्या नळीत पाणी खाली खाली येताना दिसत होतं. पाणी संपलं तर आग विझवावी लागते, आणि आग विझली की सगळंच संपलं. डोमाजी भाऊंनी गाडी थांबवली.

मोठे साहेब खाली उतरून इंजिनापाशी आले. "का थांबलो? बिघाड?"

हो म्हटलं की ट्रेलर! तेवढ्यात टाकीत धपकन आवाज झाला. नान्हे भाऊंनी आत उडी टाकली होती. जरा वेळानं ते पाण्यातून वर आले ते हातभर लांबीचा रोहू छातीशी धरून. टाकीतलं पाणी बॉयलरकडे जातं तिथल्या जाळीत तोच अडकून बसला होता.

रोहू फडफडतोय, मोठे साहेब बघताहेत. बनसोड भाऊ हळूच म्हणाले, "साहेब, हा मासोळीचा थांबा हाय. इथी गाडी थांबते, मासोळी निघते, मंग गाडी जाते."

"पूर्वीपासून?" साहेबांनी डोमाजी भाऊंना विचारलं.

डोमाजी भाऊ मोठीबाईबद्दल खोटं बोलत नाहीत. ते आपल्या शूजमधून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोठीबाई तिच्या मनात येईन तिथी थांबते साहेब. आजवर तिले कोनी काऊन म्हून विचारलं नाई."

रोहू साहेबांना भेट दिला. त्यांनी तो शेपटीला धरला, जरा नाक मुरडलं. "आम्ही समुद्राचेच खातो हो. गोड्या पाण्यातला आमच्या तोंडाला लागत नाही." पण घेतला. इकडे बॉयलरमध्ये पाणी जायला लागलं होतं. मोठीबाई घरी पोचली.

वरून निरोप आला. एक हंगाम रविवारी गाडी चालवा, शेवटचा निर्णय हंगाम संपल्यावर. आणि पारंपरिक मासोळी थांबा आहे तसा जपावा!

जपावा म्हटल्यावर जपणं आलं. दर रविवारी मोठीबाई तलावापाशी थांबायची, नान्हे भाऊ टाकीवर उभे राहून ऐटीत जाळं फेकायचे, पर्यटक टाळ्या वाजवायचे. टाकीतले मासे थोड्याच रविवारांत संपले. मग आम्ही शनिवारी बाजारातून मासोळी आणून टाकीत सोडायला लागलो. लोक विचारायचे, ही प्रथा किती जुनी आहे? नान्हे भाऊ नुसती मान हलवायचे. डोमाजी भाऊ अजून बिनतळव्याच्या शूजमध्येच होते. "पक्कं कुठी झालं?" म्हणायचे.

हंगाम संपला आणि मोठे साहेब परत आले. त्या दिवशी मासोळीचं काम चिंधूकडे होतं. आम्ही सगळे बाकीच्या घाईत, निघता निघता त्यानं टाकीत काय सोडलं ते कुणी बघितलं नाही.

गाडी तलावापाशी थांबली. नान्हे भाऊंनी जाळं फेकलं, ओढलं, आणि जाळ्याकडे बघतच राहिले. असला मासा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. चपटा, चंदेरी, जरासुद्धा न हलणारा. कल्ल्याजवळ बर्फाचा खडा अजून चिकटलेला.

मी चिंधूकडे पाहिलं. तो कानाशी येऊन खुशीत म्हणाला, "साहेबाले समुद्राचीच लागते ना? चंद्रपुरातून आनली ताई, खास!"

मोठ्या साहेबांनी मासा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला.

"डोमाजी, हे पापलेट आहे."

"हो जी."

"गावच्या तलावातलं?"

देशमाने साहेबांनी हेल्मेट काढून छातीशी धरलं. बनसोड भाऊ फावडं घेऊन तसेच उभे. फक्त मोठीबाई तेवढी फुसफुसत होती. एवढे महिने, एवढे भाजलेले पाय, आणि सगळं येऊन त्या चपट्या मासोळीवर अडकलं होतं. मला तर तिथंच रडू येणार होतं.

डोमाजी भाऊंनी साहेबांच्या डोळ्याला डोळा दिला.

"साहेब, आमच्या इथलं पानी लय खारं हाय!"

मोठे साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या शूजकडे, आणि शूजमधून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे. मग नखानं तो बर्फाचा खडा काढून त्यांनी तलावात टाकला.

"म्हणजे समुद्र इथंच आहे म्हणता."

"हो जी."

"मग हिला समुद्राकाठी न्यायचं काही कारणच उरलं नाही."

एवढं बोलून पापलेट घेऊन ते डब्यात जाऊन बसले.

डोमाजी भाऊंनी शिट्टी दिली नाही, दांड्यालाही हात लावला नाही. खाली बसून दोन्ही शूजच्या नाड्या सोडल्या, आणि मागे न बघता माझ्या टूलबॉक्सकडे हात लांब केला.

"कुंदे, माह्या चपला दे व."